निर्जन किनाऱ्यावर दोन रात्री

प्रश्न : आम्ही चौघं मित्र दोन रात्रींसाठी अगदी निर्जन किनाऱ्यावर जातोय, तिथे हॉटेल, लाइट, रेंज काहीच नाही. तंबू नेमका कुठे लावायचा आणि काय विसरायचं नाही?

उत्तर : मस्त बेत आहे, नक्की जा! तंबूचं म्हणाल तर आधी वाळूकडे बघा, वाळलेलं शेवाळ, काटक्या, शिंपल्यांचा चुरा यांची एक वेडीवाकडी रेघ दिसते ना, ती भरतीची खूण, पण फक्त मागच्या भरतीची, आणि अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं तेव्हा पाणी त्याच्याही वर येतं, म्हणून अजून वर कोरड्या जागेत तंबू लावा, फक्त वाळूच्या टेकड्यांवरच्या वेली तुडवू नका, त्यांच्या मुळांनीच ती वाळू धरून ठेवलेली असते. बऱ्याच ठिकाणी भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी आणि रोज वेळ सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते, तेव्हा खडकांना वळसा घालून पलीकडे जाणार असाल तर परतीची वेळ आधी बघून ठेवा, लोक तिथेच अडकतात.

पिण्याचं पाणी माणशी दिवसाला ४ लिटर तरी धरा. पोहताना पाणी आत ओढायला लागलं तर किनाऱ्याकडे झगडू नका, किनाऱ्याला समांतर पोहत बाहेर या. आणि रात्री टॉर्च शक्यतो बंदच ठेवा प्लीज, कासवाची पिल्लं उजेडाने भरकटतात, शिवाय डोळे अंधाराला सरावले की कधीकधी फुटणाऱ्या लाटेत निळसर चमक दिसते, ती सूक्ष्म जीवांची असते.