तार गंधाराच्या पुढे आवाज फाटतो, वरचे स्वर कसे गाठावेत?

तुम्ही लिहिलंय की काळी एकमध्ये (म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी सा धरून) तार गंधारापर्यंत, म्हणजे वरच्या सप्तकातल्या ग पर्यंत आवाज जातो, त्यापुढच्या मध्यमाला फाटतो, आणि मंडळाच्या भजनात अभंग पंचमापर्यंत चढला की तुम्हाला गप्प बसावं लागतं. मी कोल्हापुरात शिवाजी पेठेत राहतो. याच गंधारावर मी दोन वर्षं अडकलो होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिलं म्हणजे, तुमची मेहनत कमी पडत नाहीये. काळी एकचा तार गंधार म्हणजे सेकंदाला सुमारे ३५० कंपनं. बहुतेक पुरुषांचा आवाज याच्या आसपास कूस बदलतो. खालच्या स्वरांना स्वरतंतू आखूड आणि जाड असतात, वर जाताना ते ताणून लांब आणि पातळ व्हावे लागतात. आपण खालचाच जाडपणा घेऊन वर निघतो, मागून हवेचा रेटा देतो, आणि एका जागी तंतू एकदम सुटतात. तेच ते फाटणं. जोर वाढवला की ते आणखी लवकर होतं.

मी जोरानंच गायचो. एका गणपतीत दहा दिवस आरत्या आणि रात्री कार्यक्रम केले. विसर्जनानंतर आवाज जो बसला तो दिवाळी आली तरी नीट झाला नव्हता. पुन्हा शिकायला गेलो तेव्हा गाण्याच्या बाईंनी दोन बोटं कंठमण्यावर ठेवायला सांगितली आणि सा पासून वर जा म्हणाल्या. पंचमापर्यंत तो जागेवर होता. धैवताला सरकला, आणि तार रिषभाला पार जबड्याखाली जाऊन घट्ट बसला. बाई एवढंच म्हणाल्या, "हा जिथवर जागेवर राहतो, तिथवरच आज गायचं." तुम्हीही हे आजच करून बघा. थोडा वर जाणं साहजिक आहे, पण वर जाऊन आवळला जात असेल तर मान आणि जबडा गातायत असं समजा.

मला सगळ्यात उपयोगी पडली ती साधी नळी (स्ट्रॉ). पेल्यात दोन बोटं पाणी घ्या, नळीचं टोक त्यात बुडवा आणि 'ऊ' म्हणत मध्य पंचमापासून तार मध्यमापर्यंत मींडेनं, म्हणजे स्वर न तोडता घसरत, जाऊन परत या. बुडबुडे एकसारखे यायला हवेत. उसळले की हवा जास्त झाली. पाण्याचा उलटा दाब तंतूंना आधार देतो, त्यामुळे कमी ताकदीत स्वर लागतो. सकाळी पाच मिनिटं पुरे. मग वरून खाली या: तार पंचम हलक्या, चोरट्या आवाजात 'ऊ'वर घ्या आणि न तोडता गंधारापर्यंत उतरा. सुरुवातीला सांधा, म्हणजे आवाज कूस बदलतो ती जागा, ऐकू येईल, येऊ द्या. मला तो बुजायला सहा-सात महिने लागले. आकार, म्हणजे 'आ'वर गाणं, सगळ्यात शेवटी, आणि वर गेल्यावर तोंड फाकून 'आ' न करता तो थोडा 'ओ'कडे झुकवा.

आणखी एक. पेटीवर पांढरी एकला सा धरा आणि तार मध्यम गा. तो लागेल, कारण पेटीवरची पट्टी तीच आहे जिला काळी एकमध्ये तुम्ही गंधार म्हणता. पेटी तिथेच ठेवून वरचा मध्यम पक्का करा, मगच अर्धा सूर चढा. खर्जाचा, म्हणजे खालच्या सप्तकाचा रियाज सोडू नका, पण नुसत्या खर्जानं तार सप्तक येत नाही, असं माझं मत आहे.

आपल्या शाहू महाराजांच्या दरबारातले गायक अल्लादिया खाँसाहेब यांचाही तरुणपणी अति गाण्यानं आवाज गेला होता. तो परतला तेव्हा पहिल्यासारखा राहिला नव्हता, आणि त्या आवाजाला मानवेल अशी गायकी त्यांनी घडवली. रियाजात घसा खाजायला लागला की मला हेच आठवतं आणि मी उठतो.

ज्येष्ठमध, खडीसाखर खुशाल चघळा, पण ते अन्ननलिकेत जातं, स्वरतंतूंना लागत नाही. त्यापेक्षा दिवसभर पाणी प्या, आणि रात्री अकराला तांबडा-पांढरा ओरपून लगेच आडवे होऊ नका. पित्त वर येऊन तंतू सुजतात, सकाळी वरचा स्वर येत नाही. आवाजातला घोगरेपणा तीन आठवड्यांहून जास्त राहिला तर रियाज थांबवून कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.

तोवर भजनाला गप्प बसू नका. पेटीवाल्यांना एक पट्टी खाली घ्यायला सांगा. मी सांगितलं तेव्हा समजलं, मंडळातल्या आणखी तिघांना तेच हवं होतं.