'एंटँगलमेंट'ला गुंता म्हणावं का?

फोंड्याच्या एका शिक्षिकेने विचारलं आहे: मुलांना क्वांटमच्या गोष्टी मराठीतून सांगताना 'एंटँगलमेंट'ला, म्हणजे दोन कणांची मिळून एकच अवस्था होण्याला, 'गुंता' म्हटलं तर चालेल का?

मला विचाराल तर नको. गुंता केसांचा होतो, दोऱ्याचा होतो, हिशेबात होतो. आणि झाला की सोडवत बसावं लागतं. प्रयोगशाळेत मात्र दोन फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, मुद्दाम, फार जपून त्या अवस्थेत आणतात आणि ती मोडू नये म्हणून सगळा आटापिटा चालतो. 'गुंतागुंत' म्हणावं, तर तो शब्द क्लिष्टतेसाठी आधीच कामाला लागलेला.

हे नाव भौतिकशास्त्रज्ञ श्रोडिंगरने १९३५ साली दिलं, जर्मनमध्ये 'फेरश्रेंकुंग'. हाताची घडी घालायला जर्मन लोक ज्या क्रियापदाचा वापर करतात, त्याचंच हे नाम. म्हणजे मुळात गुंतवळ नाहीच. एकात एक नीट अडकवणं आहे.

म्हणून मी 'गुंफण' म्हणेन. शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात अबोलीची माळ करणारी बाई पाहा. दोन फुलं इकडे तोंड करून, दोन तिकडे, देठांवर केळीच्या सोपाच्या ओल्या दोऱ्याचा वेढा, की पुढची जोडी. नजर गिऱ्हाइकाकडे, बोटं आपली चालूच. याला कुणी गुंतवणं म्हणत नाही. शिवाय या शब्दाची रूपं सहज होतात: गुंफलेले कण, गुंफित अवस्था. बाहेरच्या उष्णतेने ती अवस्था बिघडली की 'गुंफण सुटली'. क्वांटम संगणकांच्या कित्येक चिपा निरपेक्ष शून्याच्या, म्हणजे सर्वांत कमी शक्य तापमानाच्या, जवळ थंड ठेवतात, त्या याच धास्तीने.

एक उणीव मात्र मुलांना जरूर सांगा. माळेतून निसटलं तरी अबोलीचं फूल केशरीच राहतं. गुंफलेल्या फोटॉनला स्वतःची अशी पूर्ण अवस्थाच नसते. असते ती जोडीची. मोजल्यावर मिळणारी दोघांची उत्तरं आधीच ठरवून आत दडवलेली असतील, हा साधा खुलासा भौतिकशास्त्रज्ञ जॉन बेलच्या १९६४ च्या कसोटीवर टिकला नाही. ती कसोटी प्रयोगांत उतरवणाऱ्या क्लाउझर, आस्पे आणि त्साइलिंगर यांना २०२२ चं नोबेल मिळालं. 'जीव गुंतणे' मधलं गुंतणं याच्या अधिक जवळचं आहे, हे मला मान्य. पण त्याचं नाम करायला जावं तर पुन्हा केसांचा गुंताच हाती येतो.

पहिल्या दिवशी फळ्यावर दोन्ही शब्द शेजारी लिहा, कारण पुढच्या पुस्तकांत मुलांना 'एंटँगलमेंट'च भेटणार आहे.