किंग क्रिम्सन या ब्रिटिश रॉक बँडचे अल्बम ओळीने ऐकायला घेतले आणि 'लिझार्ड'वर अडकलो. पुढे कसं ऐकू?

'लिझार्ड'वर (१९७०) अडकणं साहजिक आहे. १९६९ च्या पहिल्या अल्बममध्ये मेलोट्रॉन (टेपवर मुद्रित केलेले सूर वाजवणारं कीबोर्ड), बासरी आणि सॅक्सोफोन वाजवणारा, बऱ्याचशा चालीही रचणारा इयन मॅकडोनाल्ड त्याच डिसेंबरात अमेरिका दौऱ्यात ड्रमर मायकेल जाइल्ससह बाहेर पडला. पाठोपाठ गायक ग्रेग लेकही गेला. उरलेल्या गिटारवादक रॉबर्ट फ्रिपने जॅझवाले वादक जमवून काम चालू ठेवलं, म्हणून हा अल्बम इतका दाट आणि अडखळता वाटतो. ऐकायचाच असेल तर स्टीव्हन विल्सनने नव्याने केलेलं २००९ चं मिक्स घ्या, त्यात वाद्यं सुटी ऐकू येतात.

पण आत्ता तो सोडा आणि थेट 'रेड'वर (१९७४) या. फ्रिप, बासवादक-गायक जॉन वेटन, ड्रमर बिल ब्रुफर्ड एवढे तिघेच, जोडीला काही पाहुणे वादक. शेवटचं 'स्टारलेस' बारा मिनिटांचं आहे. गायन संपल्यावर बास गिटार तेरा मात्रांचं आवर्तन धरते आणि गिटार एकच सूर घोटत हळूहळू वर चढते. मोबाइल बाजूला ठेवून मात्रा मोजा, इथला भाग वगळून पुढे गेलात तर शेवटचा स्फोट फुकट जातो. अल्बम बाजारात येण्याआधीच फ्रिपने बँड मोडला होता!

मग एक पाऊल मागे, 'लार्क्स टंग्ज इन अ‍ॅस्पिक' (१९७३). पहिली जवळजवळ तीन मिनिटं अगदी बारीक आवाजात आहेत. हेडफोनचा आवाज वाढवू नका, पुढे गिटार कानठळ्या बसवते.

त्यानंतर 'डिसिप्लिन' (१९८१). फ्रिप आणि ब्रुफर्ड तेच, पण गिटारवादक-गायक एड्रियन बेल्यू आणि बासवादक टोनी लेव्हिन आल्यावर व्याकरणच बदललं. मेलोट्रॉन गायब. 'फ्रेम बाय फ्रेम'मध्ये दोन गिटारी एकच नक्षी वाजवतात, मग एकीच्या आवर्तनातला एक स्वर गळतो आणि दोघी एकमेकींपासून सरकत जातात. डावा-उजवा कान वेगळा ठेवून ऐका, मोनो स्पीकरवर सगळा गोंधळ वाटेल. पुढचे दोन अल्बम माझ्या मते याच्याच सावलीत आहेत.

'थ्रॅक' (१९९५) सहा जणांचा: दोन गिटारी, दोन बासवाले, दोन ड्रमर. २०१४ ते २०२१ च्या संचाने तर तीन ड्रमर मंचावर पुढे बसवले. त्यांचा स्टुडिओ अल्बम नाही, पण 'लाइव्ह इन टोरांटो'त (२०१६) जुनी गाणी नव्या हातांत ऐकायला मिळतात.