फेऱ्या कमी, साखळी जास्त

नुसत्या फेऱ्या मारून व्हॉलीबॉलचा दम येत नाही रे. रॅली, म्हणजे सर्व्हिसपासून गुण मिळेपर्यंतचा खेळ, काही सेकंदांची. त्यातच उडी, बसकण, आडवी धाव. म्हणून ९ बाय ९ मीटरच्या अर्ध्या कोर्टात आठ-दहा जणांनी साखळी खेळा. डाव ४० सेकंदांचा, तेवढीच विश्रांती, असे सहा. राज्य असलेल्यांनी गुडघे वाकवून, पायात पाय न अडकवता सरकायचं. दमल्यावर सगळे ताठ उभे राहतात. तिथेच डाव थांबवा.

मग लंगडी, प्रत्येक पायावर २० सेकंद. घोटा, पोटरी पक्की होते. पण सवयीच्याच पायावर खेळलास तर दुसरा घोटा कच्चा राहतो आणि ब्लॉकनंतर, म्हणजे जाळीपाशी उडी मारून चेंडू अडवल्यावर, उतरताना मुरगळू शकतो. पुण्याच्या पावसाळ्यात मैदानावर चिखल झाला म्हणून सोसायटीच्या पार्किंगमध्ये लंगडी नको. सिमेंटवर नडगी धरते.