आबांची कीर्द आणि अकरावीचं पुस्तक

प्रश्न : आमची शाहू मार्केट यार्डात गुळाची अडत पेढी आहे, म्हणजे शेतकऱ्याचा गूळ दलाली घेऊन विकून देतो. सासरे, मिस्टर आणि दीर मिळून चालवतात. मुलीला दहावीला 86 टक्के पडले आणि तिला कॉमर्सच घ्यायचंय. पाहुणे म्हणतात, एवढे मार्क पाडून कॉमर्स कशाला? सासरे म्हणतात, "धंदा काय पुस्तकात शिकतात व्हय? पेढीवर बसलं की येतोय. आणि पेढीवर नातू बसणार हाय." मावसबहीण म्हणते, ओसी (वाणिज्य संघटन) हा नुसता पाठांतराचा विषय. शाळा मराठी माध्यमाची होती. गणित घ्यावं की एसपी (चिटणिसाची कार्यपद्धती), तेही कळेना. काय करावं? – एक आई, कोल्हापूर

ताई,

पाहुण्यांचं नंतर बघू. आधी तुमच्या सासऱ्यांचं बोलणं घेते, कारण त्यात निम्मं खरं आहे. गुळाचा रवा, म्हणजे ढेप, फोडून, चिमूटभर जिभेवर ठेवून तो कसा आहे हे ओळखायला वर्षं जातात. कुठला शेतकरी शब्दाचा पक्का, कुठला व्यापारी पैसे थकवणारा, हेही पेढीवर बसूनच कळतं. कुठलंही पुस्तक ते देणार नाही.

पण एक करा. अकरावीचं पुस्तपालन व लेखाकर्माचं मराठी पुस्तक आणून आबांच्या, म्हणजे तुमच्या सासऱ्यांच्या, हातात द्या. रोजकीर्द, नावे, जमा, तेरीज, घसारा, ताळेबंद. हे शब्द त्यांना कुणी समजावून सांगावे लागणार नाहीत. त्यांच्या लाल वहीतलेच आहेत ते. त्यांच्या वहीत जे आहे तेच पुस्तकात आहे, फक्त पुस्तक एक पाऊल पुढं जातं.

ते पाऊल सांगते. हंगामाच्या तोंडावर तुम्ही गुऱ्हाळवाल्या शेतकऱ्याला उचल देता. गल्ल्यातून पैसे गेले, म्हणून घरात सगळ्यांना वाटतं की खर्च झाला. तो खर्च नाही, ते येणं आहे. उलट हंगामात गल्ला भरलेला असतो तेव्हा धंदा जोरात चाललाय असं वाटतं, पण त्यातली बरीच रक्कम शेतकऱ्यांच्या पट्टीची, म्हणजे त्यांच्या विकलेल्या गुळाची, असते, तुमची नसते. तुमची फक्त अडत. दुहेरी नोंद, म्हणजे प्रत्येक व्यवहार दोन खात्यांत लिहायची पद्धत, शिकलेल्या मुलीला हा फरक अकरावीच्या पहिल्या काही महिन्यांत दिसायला लागतो. आयुष्यभर पेढीवर बसूनही गल्ल्यातली रोकड आणि नफा यांतला फरक न कळलेली माणसं मी पाहिली आहेत. चांगली, कष्टाळू माणसं. आषाढ-श्रावणात सोनं गहाण टाकायची वेळ आली तरी पैसा गेला कुठं हे त्यांना सांगता यायचं नाही. अकरावीच्या पुस्तकात एकेरी नोंद पद्धतीवरही एक प्रकरण आहे. अपुऱ्या वहीवरून नफा कसा शोधायचा, हे त्यात येतं. तिला ते आपल्याच पेढीच्या वहीवर करून बघायला सांगा.

आता ओसीबद्दल, म्हणजे वाणिज्य संघटन व व्यवस्थापन. सीबीएसईला याच्या जवळचा विषय बिझनेस स्टडीज. गाभा तोच आहे, त्यासाठी बोर्ड बदलायचा विचार डोक्यात असेल तर सोडा.

तुमच्या मावसबहिणीला हा विषय पाठांतराचा वाटला, यात तिचा दोष नाही. आम्ही शिकवतोच तसा. ज्युनियर कॉलेजला मी ओसी शिकवत होते तेव्हा हेन्री फेयॉलची 14 तत्त्वं मुलांकडून ओळीनं म्हणवून घ्यायचे आणि तपासताना एखादं गाळलं की मार्क कापायचे. आज त्याचं वाईट वाटतं. फेयॉल हा फ्रान्समधला खाण इंजिनिअर, एका खाण कंपनीचा कारभार त्यानं अनेक वर्षं सांभाळला आणि त्या अनुभवातून ही तत्त्वं 1916 मध्ये मांडली. त्यांतलं एक असं, की एका माणसाला हुकूम एकाच वरिष्ठाकडून मिळावा. मी हे वर्गात पाठ करून घेत होते, आणि समोर बसलेल्या पोरांच्या घरी काय चाललं होतं? आबा दिवाणजीला सांगणार, हा माल आज काढू नको. काका सांगणार, काढ. वडील फोनवर तिसरंच. दिवाणजी गप्प उभा. हे उदाहरण मी तेव्हा विचारलं असतं, तर ते तत्त्व एकाही पोराला पाठ करावं लागलं नसतं.

म्हणून तुमच्या मुलीला प्रत्येक प्रकरण कोल्हापुरात शोधायची सवय लावा. इथं शोधायला फार लांब जावं लागत नाही. सहकारी संस्थेचं प्रकरण आलं की गोकुळ, 1963 चा संघ. गावातल्या दूध संस्थेच्या सचिवाला तिनं विचारावं, एक म्हैसवाला आणि दहा म्हशीवाला, दोघांना मत एकेकच का? बाजारपेठ म्हटलं की शाहूपुरी. राजर्षी शाहू महाराजांनी 1895 मध्ये ती पेठ वसवली ती गुळाच्या व्यापारासाठी. ग्राहक संरक्षण आणि ब्रँड आले की तुमचाच माल. कोल्हापुरी गुळाला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तरी दुसरीकडचा गूळ कोल्हापुरी म्हणून विकला जातो. नुकसान कुणाचं होतं, तक्रार कुणी करायची? ओसीला 80 मार्कांची लेखी आणि 20 मार्कांचं तोंडी-प्रकल्पाचं काम असतं. तो प्रकल्प कुणाच्या तरी जुन्या वहीतून उतरवून काढू नका. यार्डातल्या एका सौद्यावर करू दे, लिलावापासून शेतकऱ्याच्या हातात पट्टी पडेपर्यंत.

आणखी एक गोष्ट, जरा नाजूक आहे. अकरावीत व्यवसायाच्या प्रकारांचं प्रकरण आहे : एकल मालकी, भागीदारी, एकत्र हिंदू कुटुंब, सहकारी संस्था, कंपनी. ते शिकून आली की ती घरी विचारणार, आपली पेढी यांतली कुठली? तिला उत्तर द्या, गप्प बसवू नका. तिघांची भागीदारी असेल आणि लेखी करार नसेल, तर 1932 चा भागीदारी कायदा सांगतो की नफा समान वाटायचा, भांडवल कुणी कितीही घातलेलं असो. बारावीत भागीदार निवृत्त झाला किंवा वारला तर हिशेब कसा करायचा हे येतं. त्यात पेढीच्या नावलौकिकाची किंमत काढायला शिकवतात. भाऊ-भाऊ वेगळे होताना नेमकं यावरूनच बिनसतं, "नाव आमचं, गिऱ्हाईक आमचं". सगळं सुरळीत असताना या गोष्टी कागदावर आणणं किती गरजेचं आहे, हे तुमच्या घरात पहिल्यांदा कदाचित तीच बोलून दाखवेल.

आणि पेढी एकत्र कुटुंबाची मालमत्ता असेल, तर हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीपासून त्यात मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. मी भांडण लावत नाही, ताई. पण "पेढीवर नातू बसणार" हे वाक्य तिच्या कानावर रोज पडत असेल, तर ती ज्या विषयाकडे ओढीनं चाललीय त्याच विषयात तिला परकं वाटायला लागेल. दोघांनाही बसवा. रविवारी दोन तास पुरेत. तिला चहा आणायला आणि पावत्या फाडायला बसवू नका, खतावणीवर, म्हणजे खात्यांच्या वहीवर, बसवा. आणि दोन वर्षांत परीक्षेच्या दिवसांत, हंगाम कितीही जोरात असला तरी, तिला पेढीवर बोलवायचं नाही, हे आबांकडून आधीच कबूल करून घ्या.

गणित की एसपी? बहुतेक कॉलेजांत दोन्हींपैकी एकच घेता येतं. दहावीला गणितात ती अगदीच रडत नसेल तर मी गणित घ्या म्हणेन. बारावी कॉमर्सच्या गणितात दलाली, अडत आणि सूट यांचंच प्रकरण आहे. पुढं निर्देशांक येतात, कालश्रेणी येते. गुळाचा दर दरवर्षी कोणत्या महिन्यात पडतो, हे आबा अंदाजानं सांगतात, ती आकड्यांनी दाखवेल. शिवाय सीए फाउंडेशनच्या चार पेपरांपैकी एक गणित, तर्क आणि संख्याशास्त्राचा असतो. गणित न घेताही सीए करता येतं, पण मग तो पेपर शून्यापासून उभा करावा लागतो. एसपी म्हणजे चिटणिसाची कार्यपद्धती, त्यात कंपनी, शेअर, डिबेंचर (कर्जरोखे), भागधारकांशी पत्रव्यवहार असं येतं. कंपनी सेक्रेटरी व्हायचं तिच्या मनात असेल तरच मी त्याला आधी पसंती देईन.

माध्यमाचा विचार मात्र नीट करा. सीएच्या परीक्षा इंग्रजी किंवा हिंदीत देता येतात, मराठीत नाही. म्हणून अकरावीपासून इंग्रजी माध्यम घ्यावं. पहिले तीन-चार महिने जड जातील. त्यावर माझा उपाय एकच, मराठी पुस्तकही शेजारी ठेवायचं. जर्नल वाचलं की बाजूला रोजकीर्द, डेप्रिसिएशन वाचलं की घसारा. अडलं तर आबांना विचारायचं. इंग्रजी शब्दाचा अर्थ आजोबांना माहीत आहे, हे कळल्यावर दोघांचंही बोलणं वाढेल.

सीएचं आत्ताच ठरवू नका. रस्ता लांबचा आहे. फाउंडेशन, मग इंटरचे सहा पेपर, दोन वर्षांची आर्टिकलशिप (सीएच्या हाताखालची उमेदवारी), मग फायनलचे सहा. फाउंडेशनला प्रत्येक पेपरात 40 आणि एकूण 50 टक्के लागतात. अकरावीचं वर्ष तिला अकाउंट्समध्ये गोडी वाटते का ते पाहण्यात जाऊ दे. आकड्यांपेक्षा माणसं आणि बाजार यांतच तिचं मन रमलं, तर बीबीए आहे, त्यासाठी आता राज्याची सीईटी द्यावी लागते. बी.कॉम. तर कोल्हापुरात राहूनही चांगलं करता येतं.

राहिले पाहुणे. 86 टक्के हे सायन्सला जायचं तिकीट आहे आणि ते फुकट चाललंय, असं त्यांना वाटतं. कॉमर्सला हुशार मुलं लागत नाहीत असं मानणाऱ्या घरांतली कितीतरी मुलं सायन्सला जाऊन बारावीनंतर गुपचूप बी.कॉम.ला आलेली मी पाहिली. दोन वर्षं गेली आणि मधल्या काळात आपण कमी पडलो हा सल मनात राहिला. तुमची मुलगी पहिल्या दिवसापासून आवडीनं जातेय. तिचं 86 टक्क्यांचं डोकं तिथंही पूर्ण कामाला लागेल.

फॉर्म भरताना पसंतीक्रमात वर टाकलेल्या प्रत्येक कॉलेजात इंग्रजी माध्यमाला कॉमर्सचं गणित शिकवतात का, हे आधी प्रत्यक्ष जाऊन विचारा. काही ठिकाणी विषय कागदावर असतो आणि मुलं कमी म्हणून तुकडी होत नाही. पहिली घटक चाचणी झाली की अकाउंट्स आणि गणिताचे पेपर घेऊन तिलाच मला लिहायला सांगा.