वाचक विचारतात : गड्ड्याच्या फोटोंसाठी स्वतःचं सोशल नेटवर्क काढू का?

प्रश्न : सर नमस्कार, मी अशोक चौकात राहतो, कॉम्प्युटर डिप्लोमा झालाय. गड्ड्याचे, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेचे, आणि आमच्या भागातल्या कापड विणायच्या जुन्या मागांचे सहा वर्षांचे फोटो एका मोठ्या सोशल साईटवरच्या पेजवर टाकलेले. मागच्या महिन्यात पेजच बंद केलं त्यांनी, का ते सांगितलं नाही, तक्रार केली तर मशीनचंच उत्तर यायलंय. आता मित्र म्हणायलेत, आपणच सोलापूरचं वेगळं ॲप काढू. काढू का? - एक वाचक, सोलापूर

उत्तर : नका काढू. राग समजतो, पण ॲप काढलं तर पहिल्या आठवड्यात तुमचे चाळीस मित्र येतील, दुसऱ्या आठवड्यात गुड मॉर्निंगचे फोटो आणि तिसऱ्यात तुम्ही एकटेच. ऑर्कुट गूगलचं होतं, तरी 2014 मध्ये बंद पडलं, गूगल प्लस 2019 मध्ये. आणि समजा चाललंच तुमचं ॲप, तरी कुलपाची किल्ली त्यांच्याऐवजी तुमच्या खिशात, लोकांच्या दृष्टीनं फरक काय पडला?

सिद्धेश्वराच्या यात्रेतले सात नंदीध्वज बघा की, प्रत्येकाचा मान वेगळा, मानकरी वेगळे, पण मिरवणूक एक. मॅस्टोडॉन वगैरे कुणा एका कंपनीच्या मालकीची नसलेली सोशल नेटवर्कं तशीच चालतात. सर्व्हर (खाती आणि फोटो ठेवणारा, कायम चालू असणारा कॉम्प्युटर) ज्याचा त्याचा, बोलायची पद्धत एक, तिचं नाव ॲक्टिव्हिटीपब, 2018 च्या जानेवारीत वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी संस्थेनं स्टँडर्ड म्हणून मान्य केली. म्हणजे तुमच्या सर्व्हरवरचा फोटो पुण्यातला माणूस त्याच्या सर्व्हरवरून बघणार, तुमच्याकडे खातं न काढता.

पण त्याच्याही आधी डोमेन, म्हणजे साईटचा इंटरनेटवरचा पत्ता, घ्या. स्वतःच्या नावाचं, साधं. त्यावर साध्या एचटीएमएलची पानं, वर्षाप्रमाणे फोटो, खाली दोन ओळी, आणि आरएसएस फीड, म्हणजे नवीन काही टाकलं की वाचकाला आपोआप कळवणारी यादी (जुनं वाटेल, पण अजून चालतं, आणि त्याला कुणाची परवानगी लागत नाही). मूळ फोटो इथं, बाकी साईटवर नुसती प्रत आणि लिंक. उद्या परत पेज उडालं तर प्रत गेली, मूळ तुमच्याकडंच. मूळ फाईली घरच्या हार्डडिस्कवरही ठेवा, साईटला जागा भाड्यानं देणाऱ्या होस्टिंगवाल्यावर पण आंधळा विश्वास नको.

मग सर्व्हर. मॅस्टोडॉन एकट्या माणसाला जड जातं, त्याच्यासोबत चालणारे पोस्टग्रेस, रेडिस, साईडकिक हे प्रोग्रॅम सगळे सांभाळायचे म्हणजे फोटो काढायला वेळच उरत नाही. गोटूसोशल बघा, तीच ॲक्टिव्हिटीपब बोलणारं हलकं सॉफ्टवेअर, एसक्यूलाईट या एका फाईलच्या डेटाबेसवर चालतं, छोट्या व्हीपीएसवर (भाड्यानं मिळणाऱ्या सर्व्हरवर) आरामात बसतं. घरातल्या रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर ठेवायचा मोह होईल, मला पण झालेला, पण ब्रॉडबँडवाले बऱ्याचदा एकच पब्लिक आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा नंबर, अनेक घरांत वाटतात, त्यामुळं बाहेरून तुमच्या घरापर्यंत थेट पोचता येत नाही. वर लाईट गेली की सर्व्हर पण गेला.

एक गोष्ट मात्र पहिल्याच दिवशी नीट ठरवा, खात्याचा पत्ता. गोटूसोशलच्या सेटिंगमध्ये अकाउंट डोमेन (खात्याच्या नावात दिसणारं डोमेन) म्हणून तुमचं मुख्य डोमेन द्या आणि सर्व्हर सबडोमेनवर, म्हणजे त्याच नावाच्या पुढं एक शब्द जोडलेल्या पत्त्यावर, चालवा, म्हणजे मुख्य डोमेनवर तुमची साईट राहते आणि वेबफिंगरची विचारणा (हे खातं कुठं आहे, असं बाकीचे सर्व्हर विचारतात ती) तेवढी रिडायरेक्ट करून सर्व्हरकडं पाठवायची. दुसऱ्या सर्व्हरशी एकदा बोलणं सुरू झालं की हे नाव बदलता येत नाही, बदललं तर बाकीचे ओळखतच नाहीत. मॅस्टोडॉनमध्येही खातं हलवलं तर फॉलोअर्स सोबत येतात, जुन्या पोस्ट येत नाहीत, तिथंच राहतात. म्हणून तर आधी साईट म्हणतोय.

आणि हो, मागावर बसलेल्या माणसांचे फोटो टाकताना त्यांना विचारा, आणि फोटोच्या फाईलमध्ये लपलेलं लोकेशन काढून टाका. मोबाईल गुपचूप घराचा पत्ता लिहून ठेवतो त्यात.

डॉट भारतवालं मराठी डोमेन पण मिळतं, दिसायला छान आहे, पण काही ठिकाणी ते एक्सएन डॅश डॅशनं सुरू होणारी अगम्य इंग्रजी अक्षरं होऊन दिसतं, तेव्हा खात्यासाठी इंग्रजी अक्षरातलंच घ्या. संक्रांतीच्या आत उभं राहिलं तर पत्ता कळवा, यात्रेतल्या अक्षता सोहळ्याचे फोटो तिथंच बघू.