नॅनो-कोटिंगवाला डेंटल इम्प्लांट घ्यावा का? त्यातले नॅनो कण अंगात पसरतात का?

तुम्ही लिहिलंय की आई 62 वर्षांच्या आहेत, मधुमेह आहे, खालची दाढ काढलीय. डॉक्टरांनी दोन इम्प्लांट (दाताच्या जागी हाडात बसवायचे टायटॅनियमचे स्क्रू, त्यावर दाताची कॅप बसते) दाखवले, त्यातला 'नॅनो कोटिंग'वाला बराच महाग आहे. जास्तीचे पैसे घालावेत का, आणि ते कण अंगात पसरतील का, एवढंच विचारलंय.

मी हिरड्यांची डॉक्टर आहे, रोजच्या कामात इम्प्लांट बसवते. आधी त्या डॉक्टरांनाच विचारा, नॅनो म्हणजे नेमकं काय केलंय? टायटॅनियमला हवा लागली की त्यावर काही नॅनोमीटरचा (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) ऑक्साइडचा थर आपोआप चढतो. टायटॅनियमच्या इम्प्लांटची सुरुवात करणारे डॉक्टर ब्रोनेमार्क यांनी 1965 मध्ये स्वीडनमध्ये पहिल्या रुग्णाला बसवलेल्या इम्प्लांटवरही तो होताच. तेव्हा नुसत्या शब्दाला भुलू नका.

बहुतेक वेळा 'नॅनो' म्हणजे वेगळा लेप नसतोच. ॲसिडने किंवा वीजप्रवाहाने त्याच धातूचा पृष्ठभाग अतिसूक्ष्म खडबडीत केलेला असतो. त्यात सुटे कण नाहीत, मग पसरणार काय? काही पृष्ठभाग पाणी ओढून घेतील असे बनवलेले असतात. असा इम्प्लांट बसवताना मला अजूनही बघत राहावंसं वाटतं. टोक हाडातल्या भोकात टेकतं न टेकतं तोच रक्त आट्यांवरून सरसर वर चढतं. साध्या पृष्ठभागावर ते असं चढत नाही. रक्तातली प्रथिनं आधी धातूला चिकटतात, मग पेशी त्या प्रथिनांना धरतात. पेशी ज्या रेणूंनी धरते त्यांची टोकं साधारण 10 नॅनोमीटरची, म्हणून एवढ्या बारीक खडबडीतपणानेही फरक पडतो.

किती बारीक, यावर मात्र एकमत नाही. 2007 मध्ये जर्मनीत एर्लांगेनच्या संशोधकांच्या गटाला टायटॅनियमवर वीजप्रवाहाने उगवलेल्या 15 नॅनोमीटर रुंद नळ्यांवर पेशी मजेत वाढताना दिसल्या आणि 100 च्या नळ्यांवर मरताना. दोन वर्षांनी सॅन डिएगोच्या गटाला 70 ते 100 च्या नळ्यांवर पेशी लांबट होऊन हाडाच्या पेशींकडे वळताना दिसल्या. दोन्ही प्रयोग प्रयोगशाळेतल्या बशीतले, तोंडातले नाहीत. बशीत ना लाळ असते ना जंतू.

चांदीच्या नॅनोकणांचा लेप असेल तर तुमची शंका रास्त आहे. चांदीचे आयन (विद्युतभार असलेले अणू) सुटतात म्हणूनच जंतू मरतात, आणि प्रमाण वाढलं तर आपल्याही पेशी. तसं काही असेल तर मी स्वतः आईसाठी घेणार नाही. हायड्रॉक्सीॲपेटाइट, म्हणजे हाडातलंच खनिज, त्या मानाने निरुपद्रवी. पूर्वी त्याचे जाड थर फवारत, ते कधी कधी सुटून यायचे. आताचे नॅनो थर फार पातळ असतात.

एक लक्षात घ्या, पृष्ठभागाचा फायदा मुख्यतः पहिल्या काही आठवड्यांत, हाड धरण्याच्या वेगात असतो. आईंची तीन महिन्यांची साखर आटोक्यात नसेल तर आधी ती आणा, इम्प्लांट थांबेल. साखर ताब्यात असेल आणि हाड घट्ट असेल, तर नावाजलेल्या कंपनीचा साधा खडबडीत पृष्ठभागाचा इम्प्लांट पुरे. हाड मऊ असेल किंवा कॅप लवकर बसवायची असेल तरच मी जास्तीचे पैसे घालीन. आणि मिश्री लावतात का, हे घरातल्याच कुणीतरी हळूच विचारा. आम्हाला 'छे, कधीच सोडली' असंच ऐकायला मिळतं.

पुढे कुणी दात साफ करायला बसलं तर 'इथे इम्प्लांट आहे' असं सांगायचं, म्हणजे धातूच्या टोकाने खरवडणार नाहीत. खरवडलं की टायटॅनियमचे बारीक कण खरोखरच हिरडीत जातात, मग वरचा पृष्ठभाग नॅनो असो वा नसो. डबीवरचं लॉट नंबरचं स्टिकर मागून घ्या आणि आईंच्या फाइलमध्ये चिकटवा. 10 वर्षांनी कॅपचा स्क्रू ढिला झाला तर कोणता स्क्रू-ड्रायव्हर लागेल, हे त्यावरूनच कळतं.